गाडी गेली, पण नाव?

दुपारची वेळ होती. बचत गटाची मीटिंग आटोपून मी घरी आले, तर पोस्टमन दारात उभा. रजिस्टर पत्र होतं आणि त्यावर चक्क माझं नाव! मला कोण रजिस्टर पाठवणार? फोडून पाहिलं तर शेजारच्या जिल्ह्यातल्या कोर्टाची नोटीस. आमच्या मारुती ८०० ने एका मोटारसायकलवाल्याला धडक दिली होती, त्याचा पाय मोडला होता, गाडीचा विमा नव्हता आणि त्याने नुकसानभरपाईचा दावा लावला होता.

मी खाली बसलेच. कारण ती गाडी विकून आम्हाला चार वर्षं झाली होती!

ही गोष्ट २०१६ ची. ती मारुती आम्ही २००३ च्या दसऱ्याला सेकंडहँडच घेतली होती. "घरच्या लक्ष्मीच्या नावावर असू दे," असं सासूबाई म्हणाल्या, म्हणून आरसी बुकावर माझं नाव लागलं. मला केवढा आनंद झाला होता! प्रतापगडची महाशिवरात्रीची जत्रा, नागझिऱ्याची सहल, सासऱ्यांना दवाखान्यात दाखवायला नागपूरच्या फेऱ्या, सगळं त्या गाडीने केलं. २०१२ मध्ये वॅगन आर घ्यायची ठरली, तेव्हा मारुती विकायला काढली. डीलर ४८ हजार म्हणत होता. ओळखीतल्या एकाने ५५ हजार दिले. सात हजार जास्त मिळाले म्हणून आम्ही खूश. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं, यांनी बोट ठेवलं तिथे मी सही केली आणि किल्ली दिली. "नाव मी करून घेतो ना वहिनी," तो म्हणाला. त्याने केलं नाही. त्याने गाडी दुसऱ्याला विकली, दुसऱ्याने तिसऱ्याला. सरकारी दप्तरात मालकीण मात्र मीच!

वकीलसाहेबांना स्टॅम्पपेपर दाखवला. ते म्हणाले, "ताई, हा कागद तुमच्या-त्यांच्यातला. जखमी झालेल्या माणसाने काय करायचं? तो आरसीवरचं नावच बघणार." पुढे ६ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं. त्या प्रकरणातही गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी बऱ्याच हातांतून गेली होती. न्यायालय म्हणालं, अपघाताच्या दिवशी नोंदणीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. दोन वर्षं तारखा करून शेवटी आम्ही तडजोड केली. आमच्या खिशातून ७० हजार गेले. सात हजार कमवायला गेलो होतो!

मैत्रिणींनो, हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे २०२५ मध्ये आमची वॅगन आरही विकायची वेळ आली. मुलगा पुण्याला नोकरीला लागला, आम्हा दोघांना स्कूटी पुरते. तेरा वर्षांची गाडी दारात उभी राहून गंजायला लागली होती. हीसुद्धा माझ्याच नावावर. या वेळी मी यांना सांगून टाकलं, "सही माझी आहे, तर व्यवहारही मीच बघणार." हे हसले, पण 'नाही' म्हणाले नाहीत. दुधाने तोंड पोळलं होतं ना!

पहिल्यांदा गेलो डीलरकडे. त्याने बॉनेट उघडलं, टायरवर नखाने खरवडून पाहिलं आणि ९५ हजार सांगितले. मला राग आला. पण थोडा विचार केला, तर त्याचंही गणित आहे. टायर, बॅटरी, डेंटिंग-पेंटिंग तो करणार, गाडी दोन-तीन महिने अंगणात उभी ठेवणार, गिऱ्हाईक शोधणार. खरेदी-विक्रीच्या फरकावर जीएसटी नोंदणी असलेल्या डीलरला २०२५ पासून सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. घरच्या माणसाने आपली गाडी विकली तर तो कर नाही. शिवाय खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर ती परत करायला २०२२ पासून पाच हजार रुपये फी, वर पर्यावरण कर. आमच्या गाडीची दोनच वर्षं उरलेली. भाव पडणारच.

भावाचं मला पटलं. जे पटलं नाही ते पुढे. त्याने टेबलाच्या खणातून दोन कोरे फॉर्म काढले, २९ आणि ३० नंबरचे. "भाभीजी, इथे फक्त सह्या करा. घेणाऱ्याचं नाव आम्ही नंतर टाकू. पैसे आत्ता घेऊन जा." रोख ९५ हजार समोर! पण मला पोस्टमन दिसायला लागला. मी विचारलं, "तुमच्याकडे आरटीओचं ऑथोरायझेशन आहे का?" तो म्हणाला, "ते काय करायचं भाभीजी? वीस वर्षांपासून असंच चालू आहे."

हे ऑथोरायझेशन काय, ते मुलाने मला फोनवर समजावलं होतं. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी नियम काढले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. डीलरने आरटीओकडून पाच वर्षांचं प्रमाणपत्र घ्यायचं. आपण गाडी त्याच्या ताब्यात दिली, की २९-सी नावाचा फॉर्म परिवहनच्या पोर्टलवर भरायचा. त्या घडीपासून गाडीची जबाबदारी डीलरची. पुढचं गिऱ्हाईक मिळायला त्याला सहा महिने लागले, तरी आपल्याला झोप लागते. असा डीलर मिळाला, तर वीस-पंचवीस हजार कमी घेऊनही मी म्हणेन, द्या त्याला गाडी. विशेषतः घरात एकटी बाई असेल, अनोळखी माणसं गाडी बघायला दारात यायला नको असतील, तर नक्कीच. कोऱ्या फॉर्मवर सह्या मागणारा मात्र नको.

मग घरूनच विकायचं ठरवलं. दोन गिऱ्हाइकं आली. एक बालाघाटचा. गाडी बघितली आणि एका दमात १ लाख ३० हजार म्हणाला. हे तर हो म्हणायलाच निघाले होते. बालाघाट आपल्याला जवळचं वाटतं, सोयरीकही तिकडे होते. पण राज्य दुसरं. गाडी तिकडे जायची तर आधी आपल्या आरटीओतून फॉर्म २८ ची एनओसी काढायची. आणि एनओसी निघाली म्हणजे नाव निघालं असं नाही. तिकडच्या ऑफिसात त्याने नोंद केली, तरच नाव निघतं. त्याला मी म्हटलं, "भाऊ, एनओसी आम्ही काढतो. गाडी आणि बाकी पैसे तुमच्या नावावर झाल्यावर." तो म्हणाला, "इतका टाइम कुठे आहे?" आणि परत आलाच नाही.

दुसरे तिरोड्याचे एक शिक्षक, बायकोला घेऊन आले होते. त्या बाईंनी मागच्या सीटवर बसून पाहिलं, मुलाची सायकल डिक्कीत मावते का तेही पाहिलं. आमच्या ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी दाखवली. क्लच घासलाय, एसी थंड कमी करतो, हे मीच आधी सांगितलं. लपवून काय करायचं? उद्या तेच आपल्याच बाजारात भेटणार. १ लाख १५ हजारांत ठरलं. मी अट घातली, पैसे बँकेत, आणि अर्ज भरल्याशिवाय किल्ली नाही. सर जरा कचरले, पण त्यांची बायको म्हणाली, "ताई बरोबर बोलून राहिल्या. आपलंही नाव पक्कं होते ना!"

दोघींनी मिळून कागद लावले. एमएच ३५ चीच गाडी, एकाच जिल्ह्यातलं काम, त्यामुळे एनओसीची भानगड नाही. काही दिवसांनी माझ्या मोबाइलवर मालकी बदलल्याचा मेसेज आला. मी तो देवघरासमोर उभी राहून सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "गेली का लक्ष्मी?" मी म्हटलं, "आई, लक्ष्मी गेली नाही. नीट पाठवणी केली तिची."

आमच्या गटात हे सांगितलं, तर एक मैत्रीण गप्पच झाली. तिचे मिस्टर दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांची गाडी दिराने कुणाला तरी देऊन टाकली होती, नाव अजून मिस्टरांचंच. मालक वारल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची असते, विक्री त्यानंतर. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आता आम्ही दोघी तिचे कागद गोळा करून राहिलो आहोत.

आपल्याकडे गाडी, प्लॉट, घर बाईच्या नावावर हौसेने घेतात. विकताना मात्र तिला फक्त सहीपुरतं बोलावतात. डीलरला द्या की घरून विका, दोन पैसे इकडे-तिकडे होतील. पण सही करण्याआधी एवढं नक्की विचारा, "माझं नाव कधी निघणार?"

गाडी विकताना हे लक्षात ठेवा

• कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. नुसत्या स्टॅम्पपेपरवर विसंबू नका.

• राज्यातल्या राज्यात विकली तर १४ दिवसांत आरटीओला कळवणं आपलं काम. घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो.

• कर्जाची गाडी असेल तर आधी बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ ने आरसीवरचा बोजा उतरवा.

• किल्ली देताना तारीख आणि वेळ लिहून पावतीवर घेणाऱ्याची सही घ्या. त्याच्या आधारची प्रत ठेवा.

• 'नो क्लेम बोनस' आपला असतो, गाडीचा नाही. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, नव्या गाडीला तीन वर्षांपर्यंत वापरता येतो.

• फास्टॅग बंद करायला विसरू नका.

• गाडी चालवून बघायला देताना लायसन्स बघा आणि घरचं कुणी सोबत पाठवा.