सातूच्या दाण्याची परीक्षा

वेदांतील यव तोच आपला सातू. 'सक्तु' म्हणजे भाजलेल्या धान्याचें पीठ. त्या पिठाचें नांव पुढें दाण्यासच चिकटलें!

आजाऱ्यास सातूची पेज द्यावी कीं बाजारांतील माल्टाची भुकटी, असें आम्हांस पुष्कळदां विचारण्यांत येतें. दोहोंचा दाणा एक, तेव्हां गुणही एकच, हा समज मात्र खरा नव्हे.

पेज बुळबुळीत होते ती बीटा-ग्लुकान नामक तंतुमय द्रव्यामुळें. तें रोज सुमारें ३ ग्रॅम पोटांत गेल्यास रक्तांतील कोलेस्टेरॉल उतरण्यास साहाय्य होतें; २००६ सालीं अमेरिकन सरकारनें सातूच्या वेष्टनावर हृद्रोगासंबंधीं तसा मजकूर छापण्यास अनुमति दिली. माल्ट करणारास हाच गुण दोष वाटतो, कारण चिकट रस गाळणींतून उतरत नाहीं. म्हणून तो हें द्रव्य कमी असलेला दाणा निवडतो, भिजवून मोड आणतो. आणि मोड येतांना जागृत झालेलीं पाचक द्रव्यें उरलेला तंतुही तोडून टाकतात. अर्थात् भुकटींत गोडी येते, पण पेजेचा तो गुण बहुतेक जातो.

प्रथिनांचेंही तसेंच. ताटांत तीं अधिक असलेलीं बरीं. माल्टवाला मात्र शेंकडा १२ च्या वरचा दाणा सहसा नाकारतो, कारण प्रथिनें वाढलीं कीं पिष्ट घटतें. लडाखांत खाण्यासाठीं बिनटरफलाचा सातू पिकवितात, तर माल्टवाल्यास टरफल हवें. रस गाळतांना त्याचाच थर उपयोगी पडतो.

हें तंतुद्रव्य केवळ कोंड्यांत नसून गाभ्यांतही असतें; त्यामुळें सडलेला पांढरा सातूही पेजेस चालेल. ज्यांस सीलियाक विकारामुळें गहू वर्ज्य आहे, त्यांस मात्र पेज व भुकटी दोन्ही वर्ज्यच.