‘ऱ्या’साठी एक्सपी

वडोदरा हे नाव लिहायला सोपं आहे. विभक्ती लागली की पंचाईत होते: वडोदऱ्यात, वडोदऱ्याहून. तो पापणीसारखा आडवा र मराठीत पदोपदी लागतो, नेपाळीतही दिसतो. हिंदी-गुजरातीचं त्याच्यावाचून काही अडत नाही. या शहरात १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ साली मराठी साहित्य संमेलनं भरली. इथल्या मराठी मंडळांच्या स्मरणिका, लग्नपत्रिका निघत आल्या, म्हणजे हा र इथे भरपूर छापला गेला आहे.

तशीच एक स्मरणिका माझ्याकडे सीडीवर होती, २००४ची, पेजमेकरमध्ये लावलेली. नव्या लॅपटॉपवर मजकूर उघडला तर पानभर इंग्रजी अक्षरांची खिचडी! सीडी खराब झालेली नव्हती. युनिकोड रुळण्याआधीचे आपले फॉन्ट एक युक्ती करत: संगणकाला इंग्रजी अक्षर दिलं जाई आणि पडद्यावर त्या जागी देवनागरीचा तुकडा काढला जाई. कृतिदेवात ‘डी’ दाबला की ‘क’ उमटतो. ‘कि’ लिहायला आधी वेलांटी दाबायची, मग क, हाताने लिहितो त्याच क्रमाने. युनिकोड मात्र आधी क साठवतं, मग वेलांटी. मूळ फॉन्ट हाताशी नसेल तर मागे उरतं ते निव्वळ ए-बी-सी-डी.

फॉन्ट हवा, तर त्याचं पॅकेज हवं. आमच्या पॅकेजला डोंगल हवा. डोंगल म्हणजे संगणकाच्या पाठीत, प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टात खोचायची डबी. ती नसेल तर पॅकेज हूं की चूं करत नाही. डबीचा ड्रायव्हर बत्तीस बिटांचा, आणि चौसष्ट बिटांचं विंडोज असा ड्रायव्हर दारातही उभा करत नाही. म्हणून विंडोज एक्सपी. ऑक्टोबर २००१मध्ये बाजारात आलेली, ८ एप्रिल २०१४ला मायक्रोसॉफ्टने जिची दुरुस्ती थांबवली ती. (मे २०१७मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने धुमाकूळ घातला तेव्हा कंपनीने नियम मोडून तिला एक ठिगळ दिलं.)

हे सगळं होतं ओळखीच्या छापखान्यात, पण तिथला जुना सीपीयू पावसाळ्यात गेला होता. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले. ऑपरेटरभाईंनी नवा बोर्ड आणला, एक्सपीची सीडी घातली, आणि थोड्या वेळाने निळा पडदा. कोड सात-बी, म्हणजे ज्या डिस्कवरून सुरू व्हायचं तीच सापडत नाही. डिस्क समोर जोडलेली! पण ती ज्या एएचसीआय पद्धतीने बोलते, ती भाषा एक्सपीच्या मूळ सीडीत नाहीच. त्या काळी एफ-सिक्स दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागे. आता फ्लॉपी कुठून आणायची? काही बोर्डांच्या बायोसमध्ये डिस्कला ‘आयडीई’ म्हणवून घेण्याची सोय असते. नसेल तर ड्रायव्हर मिसळून नवी सीडी बनवायची. हे जमलं तरी पुढे यूएसबी तीन: एक्सपीला तिचा पत्ताच नाही, त्यामुळे ऐन वेळी कीबोर्ड आणि माउस मुके होतात. एनव्हीएमई जातीची नवी डिस्क असेल तर आणखी एक भिंत. आणि जुनं बायोस जाऊन यूईएफआय आलं. जुन्या व्यवस्थेला सामावून घेणारा थर अनेक नव्या बोर्डांवर उरलेलाच नाही.

‘नवुं मशीन छे, पण आने खबर नथी,’ भाई म्हणाले. ‘आने’ म्हणजे एक्सपीला.

गंमत अशी की प्रोसेसर स्वतः इतका नवा नसतोच. आजचाही पीसीचा प्रोसेसर वीज मिळताच १९७८च्या ८०८६सारखा सोळा बिटांत डोळे उघडतो, मग मोठा होतो. हे ओझं उतरवायचा बेत इंटेलने २०२३मध्ये मांडला आणि पुढच्या वर्षअखेर गुंडाळला. अडचण कधीकधी उलटीच असते: यंत्र फार वेगवान असतं. विंडोज ९५चा एक भाग प्रोसेसरचा वेग मोजायला ठरावीक फेऱ्या मारून लागलेल्या वेळाने भागत असे. ३५० मेगाहर्ट्झच्या एएमडी के-सिक्स-टूवर फेऱ्या इतक्या लवकर संपू लागल्या की वेळ शून्य मोजला गेला. शून्याने भागाकार, संगणक ठप्प. टर्बो पास्कलमध्ये बांधलेले कित्येक प्रोग्रामही वेगवान पेंटियमवर भागाकाराचं उत्तर मावेनासं होऊन ‘रनटाइम एरर २००’ देत.

शेवटी भाईंनी बोर्डाशी भांडणं सोडलं. विंडोज १० टाकलं आणि आत व्हर्च्युअलबॉक्स. हा प्रोग्राम पाहुण्या प्रणालीला खोटं घर दाखवतो: आयडीई डिस्क, साधं नेटवर्क कार्ड, इंटेलने १९९०च्या दशकात आणलेला चिपसेट. एक्सपी बिचारी आपण जुन्याच घरात आहोत अशा समजात नांदते. इंटरनेटची तार तेवढी कापून ठेवायची. पंचवीस पिनांची डबी आत पोचवणं दुरापास्त; पण भाईंकडे त्याच पॅकेजची नंतरची यूएसबी डबी होती, ती आतल्या एक्सपीला देता आली. हा केवळ योग. ती नसती तर भंगारातून जुना बोर्ड शोधत फिरावं लागलं असतं. इथल्या मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतले कारखानदार हा प्रकार ओळखतील. लेथ वीस-पंचवीस वर्षं चालतो, त्याला सीरियल पोर्टवरून प्रोग्राम पाठवणारा संगणक तेवढा तग धरत नाही.

गायकवाडी दप्तरातली मोडी वाचायला मोडी येणारा माणूस लागतो. तिथे निदान कागद तरी वाचकासमोर असतो. इथे यंत्र, डबी, फॉन्ट आणि पेजमेकर असे चौघे एकाच वेळी जागेवर हवेत.

पान उघडलं. ‘वडोदऱ्यातील’ शीर्षकात, पापणी शाबूत. पीडीएफ काढली, घरी येऊन मजकूर उचलला, तर पुन्हा ए-बी-सी-डी. पीडीएफच्या पोटात जुनेच संकेत होते. फॉन्ट बदलणाऱ्या प्रोग्रामने ते युनिकोडमध्ये आणले खरे, पण पापणीचा र युनिकोडमध्येही दोन रीतींनी लिहिता येतो, आणि प्रोग्रामला एकही ठाऊक नव्हती. जिथे तिथे ‘वडोदर्यातील’. मकरपुऱ्याची, दुसऱ्याची, सगळ्यांची तीच गत.

चाळीस पानं आहेत. रोज रात्री दोन तपासतो.