टेबलावरची काच निवडताना

तंजावरहून बोलतेय. आजचा विषय आहे टेबलावर टाकायची काच. घरात जेवणाचं टेबल येतं, मुलांचं अभ्यासाचं येतं, दिवाणखान्यात टीपॉय येतो, आणि मग सगळे म्हणतात, "वर एक काच टाकून घेऊ." दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती एमएम?" आपण आपला एक आकडा सांगून मोकळे होतो. जाडी महत्त्वाची आहेच, पण ती विचारायची दुसऱ्या नंबरवर. पहिल्या नंबरवर विचारायचं, काच कोणत्या जातीची. कारण चांगली काचसुद्धा कधीतरी फुटू शकते, आणि फुटल्यावर ती घरातल्या माणसांचं काय करेल ते तिच्या जातीवर ठरतं.

साधी काच आणि टफन काच

आज आपल्याला मिळणारी सपाट काच म्हणजे फ्लोट काच. वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर तरंगत पसरवतात, म्हणून ती दोन्ही बाजूंनी आरशासारखी सपाट निघते. ही पद्धत इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केली. आपल्याकडे अशा काचेचे मोठे कारखाने चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला आणि मुंबईजवळ तळोज्याला आहेत. मराठी माणसाचं काचेशी नातं त्याहून जुनं आहे. लोकांकडून पैसा पैसा गोळा करून तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला तो १९०८ साली. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील तर अनेकांच्या आजोळी अजून माळ्यावर असेल.

कारखान्यातून आलेली फ्लोट काच दुकानदार हिरकणीने कापून देतो. ही झाली साधी काच. ती फुटली की सुरीसारखे लांब, टोकदार तुकडे होतात.

हीच काच भट्टीत साधारण ६२० ते ६५० अंश सेल्सियसपर्यंत तापवून लगेच दोन्ही बाजूंनी गार हवेच्या झोताने थंड केली की ती टफन होते. बाहेरचा थर आधी घट्ट होतो. आतला भाग मागाहून थंड होऊन आकसू पाहतो आणि बाहेरच्या थराला आत खेचून धरतो. बाहेरून दाबलेली, आतून ताणलेली अशी ही काच साध्या काचेच्या चार ते पाच पट ताकदीची असते. फुटलीच तर एका क्षणात सगळी फुटते, पण खडीसाखरेसारखे छोटे, बोथट खडे होतात. खरचटेल, पण खोल जखम होण्याची भीती खूप कमी.

आता दुकानात नेहमी ऐकू येणारं वाक्य घ्या. "टफन कशाला? साधीच बारा एमएम घ्या, हत्ती उभा राहिला तरी काही होणार नाही." हे पटवून घेऊ नका. जाड साधी काच सहज फुटत नाही हे खरं, पण फुटली की तिचे तुकडे तितकेच धारदार आणि वर जास्त जड असतात. जाडी वाढवून काचेची जात बदलत नाही. ज्या घरात लहान मूल टेबलाच्या कडेला धरून उभं राहायला शिकतंय किंवा आजी टेबलाचा आधार घेऊन उठते, तिथे साधी काच नकोच.

तिसरी जात म्हणजे लॅमिनेटेड. दोन काचांच्या मध्ये पारदर्शक पडदा चिकटवलेला असतो. फुटली तरी तुकडे पडद्याला धरून राहतात, खाली पडत नाहीत. गाडीची पुढची काच अशीच असते. खालून लाकडाचा आधार नसलेल्या मोठ्या टेबलासाठी हा सगळ्यात निर्धास्त पर्याय. महाग पडतो, वजनही वाढतं.

टफन आहे हे ओळखायचं कसं?

एका कोपऱ्यात कायमचा छापलेला शिक्का असतो. त्यावर बनवणाऱ्याचं नाव असतं, आणि आयएस २५५३ हा सुरक्षा काचेचा भारतीय मानक क्रमांकही शोधावा. हा शिक्का नखाने किंवा पाण्याने निघत नाही. काहींना तो डोळ्यांत खुपतो आणि ते "शिक्का नसलेली द्या" म्हणतात. असं करू नका, तुमच्याकडे तोच पुरावा आहे. शिक्का टेबलाच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात येईल असं सांगा.

दुसरी खूण म्हणजे पोलराइज्ड गॉगल. तो लावून, काच आकाशाच्या उजेडाकडे तिरपी धरून पाहिलं तर टफन काचेत फिकट-गडद ठिपके किंवा पट्टे दिसतात. तो दोष नाही. गार हवेचा झोत जसा लागला तसा ताण आत बसतो, त्याची ती खूण.

आणि एक लक्षात ठेवा. टफन झाल्यावर काच कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कडा घासून कमी करता येत नाहीत. प्रयत्न केला तर सगळी काच खडे होऊन हातात येते. लहान गावांत काच कापणारं दुकान असतं, पण टफनिंगची भट्टी बहुधा नसते. माप जातं, काच बाहेरून तयार होऊन येते. म्हणून माप चुकलं की पूर्ण काचेचे पैसे गेले.

माप घेताना

इथे राजवाड्याभोवतीच्या चार राजवीथींवरच्या जुन्या घरांत सागवानी टेबलं आहेत, पिढ्यान्पिढ्या वापरलेली. ती दिसतात काटकोनात, पण असतातच असं नाही. लांबी-रुंदी घेऊन थांबू नका. दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले तर काटकोन बरोबर. फरक आला तर वर्तमानपत्राचे कागद चिकटवून टेबलाच्या आकाराचा नमुना कापा आणि तोच दुकानात द्या. गोल आणि अंडाकृती टेबलाला तर नमुनाच द्यायचा.

पूर्ण लाकडावर टाकायची काच लाकडाच्या कडेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर आत राहिलेली बरी. टफन काचेचा सगळ्यात हळवा भाग म्हणजे कड आणि कोपरा. मधोमध पडलेला पेला ती सोसेल, पण कोपऱ्यावर बसलेला खुर्चीचा टोला तिला फोडू शकतो. कोपरे गोल करून घ्या. कडेला पेन्सिल पॉलिश, म्हणजे गोलसर कड, मुलांच्या घरात उत्तम. बेव्हल म्हणजे तिरपी उतरती कड दिसायला छान, पण तिथे काच पातळ होते आणि कपची लवकर उडते.

जाडी आणि वजन

पूर्ण लाकडावर बसणारी काच असेल तर पाच-सहा एमएम पुरे. चारी बाजूंनी फक्त चौकटीचा आधार असेल तर आठ ते दहा. फक्त पायांवर उभं राहणारं टेबल असेल तर दहा ते बारा, आणि जेवणाचं मोठं असेल तर बाराच. जुने सुतार अजून सुतात बोलतात. इंचाचे आठ सूत, म्हणजे चार सूत काच ही बारा एमएमच्या जवळपास. आमच्या इथे सुताराला आसारी म्हणतात, पण आकडा सगळीकडे एमएममध्येच लिहून घ्या, म्हणजे घोटाळा होत नाही.

वजनाचा हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर काच, एक मिलिमीटर जाड, म्हणजे अडीच किलो. पाच फूट बाय तीन फूट टेबल म्हणजे सुमारे १.३९ चौरस मीटर. बारा एमएमची काच झाली जवळजवळ बेचाळीस किलो. तीच सहा एमएमची एकवीस किलो. टेबलाचे पाय डगमगत असतील तर आधी आसारीला बोलवा, मग काचवाल्याला. आणि पंखा पुसायला काचेवर चढायचं नाही, मग ती कितीही जाड असो.

गरम भांडं आणि ओरखडे

आमच्याकडे दिवसातून चारदा फिल्टर कॉफी होते. पितळी डबरा-टंबलरने काचेला काही होत नाही. प्रश्न आहे गॅसवरून थेट उतरवलेल्या कढईचा. साध्या काचेत एका जागी अचानक चाळीसेक अंशांचा फरक पडला तरी तडा जाऊ शकतो. टफन काच याबाबतीत कितीतरी सोशिक, तरीही भांड्याखाली स्टँड किंवा चुंबळ ठेवायची सवय बरी.

ओरखड्यांचं मात्र वेगळं आहे. टफन केल्याने काच ओरखड्यांना जास्त दाद देत नाही असं काही होत नाही, ती साध्या काचेइतकीच खरचटते. काचेचा वैरी म्हणजे वाळू, कारण वाळूतली गारगोटी काचेपेक्षा कठीण असते. इथलं तांदळाच्या पिठाचं कोलम काचेवर काढलं तर बिघडत नाही. आपली रांगोळी मात्र दगडाच्या भुकटीची असते आणि रंगीत रांगोळीत वाळू असते. सणाला टीपॉयवर रांगोळी काढायची हौस असेल तर खाली ताट ठेवा. पुसताना आधी ओल्या फडक्याने धूळ उचलून घ्या. कोरडं फडकं फिरवलं की तीच धूळ सँडपेपर होते.

काचेखाली तंजावर चित्र ठेवावं का?

हा प्रश्न मला पुण्याहून, बेळगावहून, इंदूरहूनही येतो. "तंजावर पेंटिंग टेबलात बसवून वर काच टाकली तर?" दिसायला सुरेख दिसतं. माझं उत्तर मात्र नाही असंच आहे, आणि त्याचं कारण त्या चित्राच्या घडणीतच आहे.

तंजावर चित्र म्हणजे लाकडी फळी, तिच्यावर चिकटवलेलं कापड, त्यावर खडूची पूड आणि डिंक यांचा लेप. दागिने आणि महिरपी उठावदार करायच्या त्याही याच लेपाने, मग काचेचे खडे आणि सोन्याचा वर्ख. हे सगळं भिंतीवर, चौकटीत, काच आणि चित्र यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवून टांगायला केलेलं आहे. टेबलात आडवं ठेवलं की सांडलेलं पाणी फटीतून आत जातं. कावेरीच्या या खोऱ्यात ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस, म्हणजे हवेत दमटपणा. तो काचेखाली अडकतो, डिंक फुगतो, लेप सुटतो, वर्ख उचलला जातो. माझ्या ओळखीच्या एका घरात असं बसवलेलं चित्र होतं. दोन पावसाळ्यांत चित्रातल्या कृष्णाच्या गळ्यातला हार पापुद्र्यासारखा सुटला. कारागिराने दुरुस्त करून दिलं, पण पहिला हात तो पहिला.

तंजावरची काचचित्रं असतील तर आणखीच जपा. मराठा दरबाराच्या काळात, विशेषतः दुसऱ्या सरफोजीराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७९८ ते १८३२ च्या सुमारास, ही कला इथे बहरली. यात काचेच्या मागच्या बाजूने उलट क्रमाने रंगवतात. डोळ्यांच्या रेघा, दागिने आधी आणि पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी. म्हणजे रंगाचा थर मागे उघडा असतो. असं चित्र लाकडावर पालथं टेकवलं की घासून रंगाचे पोपडे निघतात. त्याची काच जुनी, पातळ आणि साधी असते, ती वजन घ्यायला केलेलीच नाही.

हौस असेल तर मूळ चित्र भिंतीवर ठेवा आणि काचेखाली त्याची छापील प्रत किंवा जुन्या लुगड्याचा काठ घाला. तोही खिडकीच्या थेट उन्हात नको, कारण काचेतून येणाऱ्या उन्हाने रंग उडतात. काच आणि लाकूड यांच्यामध्ये पारदर्शक रबरी बटणं लावा, हवा खेळती राहते आणि काच सरकतही नाही. फोटो काचेला थेट चिकटू देऊ नका, ओल आली की सोडवता येत नाहीत. खाली रंगीत काही ठेवणार असाल तर कमी लोखंडाची, एक्स्ट्रा क्लिअर काच मागा. नेहमीच्या काचेत लोखंडाचा अंश असल्याने हिरवट झाक येते. जाड काचेखाली पांढरा आणि सोनेरी रंग त्यामुळे मलूल दिसतो.

पावती घेण्याआधी

भाव चौरस फुटावर असतो, पण अनेक दुकानं माप पुढच्या तीन किंवा सहा इंचांच्या टप्प्यापर्यंत धरतात. पॉलिशचे पैसे बहुधा कडेच्या फुटावर वेगळे आणि भोकांचे वेगळे. हे आधी विचारा. पावतीवर "टफन", जाडी, कडेचा प्रकार आणि शिक्का या चार गोष्टी लिहून घ्या.

एक भीती अनेकांच्या मनात असते. टफन काच काही न लागता आपोआप फुटते का? क्वचित फुटते. काच बनताना आत निकेल सल्फाइडचा अगदी बारीक कण राहिला तर तो हळूहळू फुगतो आणि ताणलेल्या काचेला फोडतो. यासाठी काही कारखाने टफन काच पुन्हा काही तास तापवून ठेवतात, म्हणजे कच्ची काच तिथेच फुटून जाते. त्याला हीट सोक म्हणतात. खालून आधार नसलेल्या मोठ्या टेबलासाठी ही चाचणी झालेली काच मागा. पण मंडळी, या क्वचितच्या भीतीने साधी काच घेऊ नका. टफन काच फुटली तर फरशीवर खडे पडतील, ते झाडून घेता येतात.

काच घरी आली की कडा हाताने नव्हे, नजरेने तपासा. कुठे कपची उडालेली दिसली तर ती काच टेबलावर चढवूच नका, आलेल्या गाडीतूनच परत पाठवा.