पाय वारंवार मुरगळतोय? हाडे जुळलेली असू शकतात

दहा-बारा वर्षांच्या मुलाचा पाय खेळताना पुन्हा पुन्हा मुरगळतो, घोट्याखाली दुखते. घरी लेप, मालीश, क्रेप बँडेज सगळे होऊन जाते. अशा मुलाला चवड्यांवर उभे करा आणि मागून पाहा. साध्या सपाट पायात आता तळव्याची कमान उठून दिसते, टाच आत वळते. तसे न होता पाय ताठच राहिला, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

याचे एक कारण म्हणजे टार्सल कोॲलिशन. गर्भात पायाची दोन हाडे पूर्ण वेगळी होत नाहीत, मध्ये पूल राहतो. बहुतेकदा टाचेचे हाड पुढच्या नॅव्हिक्युलरला किंवा वरच्या टॅलसला जोडलेले असते. लहानपणी हा पूल कूर्चेचा, म्हणून थोडा लवचीक असतो. साधारण ८ ते १६ वर्षांच्या दरम्यान तो कडक होतो आणि दुखणे सुरू होते. ‘आतापर्यंत तर छान पळत होता,’ असे पालक सांगतात, ते खरेच असते.

समोरून आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेत हा पूल सुटू शकतो. नॅव्हिक्युलरचा जोड तिरक्या एक्स-रेत दिसतो, टॅलसच्या जोडासाठी सीटी स्कॅन लागतो. एक्स-रे नॉर्मल आला तरी दुखणे चालू असेल, तर हे जरूर विचारा. दुसरा पायही तपासून घ्या.

दुखत नसेल तर उपचार लागत नाहीत. दुखत असेल तर खेळ बंद, बुटात आधाराचे इनसोल, गरज पडल्यास काही आठवडे प्लास्टर. तरीही थांबले नाही, तर शस्त्रक्रियेने पूल काढतात. मालीश करून तो सुटत नाही. पाय जोराने पिळून घेऊ नका.