गिधाडें कोठें गेलीं ?

वन्य प्राण्यांच्या रक्षणाची गोष्ट निघाली कीं विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें वाघ, मोर, हरिण हींच उभीं राहतात. गिधाडाचें नांव कोणी घेत नाहीं. उलट तो शब्द आपण शिवीसारखा वापरतों. वर्गांत एका मुलानें आम्हांस विचारलें, "असला ओंगळ पक्षी नाहींसा झाला तर बिघडलें कोठें ?" पुढील हकीकत हेंच त्यास आमचें उत्तर.

आमच्या बालपणीं गांवाबाहेर मेलेलें ढोर टाकलें कीं गिधाडें घिरट्या घालीत उतरत आणि कांहीं तासांत केवळ सांगाडा उरे. त्यांच्या जठरांतील तीव्र आम्लांत बहुतेक रोगजंतु टिकत नाहींत. म्हणून सडकें मांस त्यांस बाधत नसे व गांवाची सफाई फुकट होई. पुढें हे पक्षी झपाट्यानें मरूं लागले. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीचीं गिधाडें भारतांत शेंकडा नव्याण्णवांहून अधिक घटलीं. कोणी त्यांची शिकार केली नव्हती; अन्न तर जागोजागीं पडलेलें होतें.

२००४ सालीं कारण उघडकीस आलें. गुरांची वेदना व सूज कमी व्हावी म्हणून डायक्लोफिनॅक नांवाचें औषध टोंचीत. त्यानंतर लवकरच मेलेल्या जनावराचें मांस पोटांत गेलें कीं गिधाडाचीं मूत्रपिंडें निकामी होत. औषध देणाराचा हेतु दयेचाच होता, हें येथें नमूद केलें पाहिजे.

गिधाडें गेलीं, मढीं मात्र राहिलीं. त्यांवर भटकीं कुत्रीं पोसलीं; आणि पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश म्हणजे काय, हें पालकांस सांगावयास नको. त्या मुलानें विचारलेलें 'बिघडलें' तें हें.

सरकारनें २००६ सालीं गुरांसाठीं या औषधास मनाई केली. पण माणसांसाठीं मिळणाऱ्या मोठ्या बाटल्या गुरांकडे वळूं लागल्या, तेव्हां २०१५ सालीं त्या टोंचण्याच्या औषधाची कुपी तीन मिलिलिटरांची ठरविण्यांत आली. हरियाणांतील पिंजोर येथें गिधाडांची पैदास करण्यांत येते. परंतु मादी वर्षाला एकच अंडें घालते, तेव्हां झालेली हानि भरून येण्यास किती काळ लागेल याचा हिशेब विद्यार्थ्यांनींच करावा.

ज्यांच्या दावणीला गुरें आहेत, त्या पालकांस एक विनंति. मेलॉक्सिकॅम नांवाचें औषध गुरांस उपयोगी असून गिधाडांस निर्धोक ठरलें आहे. जनावर दुखणाईत झाल्यास गुरांच्या डॉक्टरांस त्याविषयीं अवश्य विचारावें.