चपटेपणाचं मोजमाप

शाळेच्या पुस्तकांत पृथ्वीची कक्षा हटकून लांबुडकी काढलेली असते. त्या चित्रामुळे, सूर्य जवळ आला की उन्हाळा आणि लांब गेला की हिवाळा, हा गैरसमज पिढ्यान्‌पिढ्या टिकला आहे. प्रत्यक्षात पृथ्वीच्या कक्षेची विकेंद्रता ०.०१६७ आहे. लंबवर्तुळाच्या मध्यापासून सूर्य किती बाजूला आहे, ते हा आकडा सांगतो. लंबवर्तुळता, अर्थात चपटेपणा, म्हणजे लघु अक्ष दीर्घ अक्षाहून किती टक्क्यांनी आखूड आहे, हे मोजणारा आकडा. पृथ्वीच्या कक्षेत ही तूट दहा हजारांत दीड भागही नाही. मंगळाची विकेंद्रता ०.०९३, म्हणजे सूर्य ठळकपणे बाजूला. तरी त्याच्या कक्षेची लंबवर्तुळता अर्ध्या टक्क्याहून कमीच. टायको ब्राहेच्या नोंदींमधून एवढासा फरक केप्लरने वेचून काढला आणि १६०९ साली वर्तुळाचा दोन हजार वर्षांचा मान संपवला. माझ्या मते निरीक्षणावरच्या निष्ठेचं याहून मोठं उदाहरण खगोलशास्त्रात नाही.

ग्रहाच्या आकाराची गोष्ट वेगळी. फिरणारा गोळा विषुववृत्तावर फुगतो आणि ध्रुवांवर दबतो. पृथ्वी सर्वत्र सारख्या घनतेची मानून न्यूटनने तिचा चपटेपणा २३० मध्ये १ काढला. पॅरिसचे कासिनी पितापुत्र उलट पृथ्वी ध्रुवांकडे लांबट आहे असं म्हणत. निकाल लावायला फ्रेंचांनी एक तुकडी आजच्या इक्वाडोरमध्ये आणि दुसरी, मोपर्त्यूईच्या नेतृत्वाखाली, १७३६ साली लॅपलँडला पाठवली. उत्तरेकडे अक्षांशाचा एक अंश लांब भरला आणि न्यूटनची बाजू खरी ठरली. आजचा आकडा मात्र सुमारे २९८ मध्ये १ आहे, कारण पृथ्वीचं वस्तुमान गाभ्याकडे एकवटलेलं आहे. बाहेरचा आकार मोजून आतली रचना कळते, ती अशी.

पृथ्वीच्या आकाराच्या याच प्रश्नासाठी विल्यम लँबटनने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजली आणि रेखांशाच्या कडेने त्रिकोणामागून त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे सरकत राहिला. १८२३ साली, काम चालू असतानाच, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचं निधन झालं. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्या मागून आलेल्या एव्हरेस्टने या मापांवरून १८३० साली मांडलेला पृथ्वीचा आकार भारतीय नकाशांनी दीड शतकाहून अधिक काळ आधार म्हणून वापरला. विदर्भातल्या किती शाळांमध्ये हे सांगितलं जातं, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

शनीचा चपटेपणा जवळजवळ दहा टक्के आहे. गुरू त्याच्याहून थोडा जलद फिरतो, तरी साडेसहा टक्क्यांवरच थांबतो. शनीची घनता पाण्याहूनही कमी असल्यामुळे त्याला आवरून धरणारं गुरुत्व दुबळं पडतं.

दीर्घिकांकडे वळलं की हा आकडा निसरडा होतो. १९२६ साली हबलने लंबवर्तुळाकार दीर्घिकांना ई० ते ई७ असे वर्ग दिले. त्यातला अंक म्हणजे लंबवर्तुळता गुणिले दहा. पण भाकरी समोरून गोल आणि कडेने चपटी दिसते, तशी एकच दीर्घिका आपल्या दृष्टिरेषेनुसार ई० किंवा ई५ ठरू शकते. दिसतो तो आकाशावर पडलेला आकार, खरा आकार अनेक दीर्घिकांच्या आकडेवारीतूनच काढावा लागतो. त्याहून मोठा धक्का १९७५ साली बसला. बेर्तोला आणि कापाच्चोली यांनी कन्या राशीतल्या एनजीसी ४६९७ या चपट्या दीर्घिकेचं फिरणं मोजलं, तर ते तिचा चपटेपणा समजावून सांगायला पुरेना. मोठ्या दीर्घिकांमधले तारे एका दिशेला अधिक, दुसरीला कमी वेगाने सैरावैरा धावतात. त्या विषमतेनेच त्यांचा आकार तगून राहतो. ग्रहांवरून शिकलेला नियम इथे जसाच्या तसा चालला नाही, याचा मला आजही आनंद वाटतो.

न्यूट्रॉन ताऱ्यांबाबत लंबवर्तुळता म्हणजे विषुववृत्तालाच आलेला असमतोल. असा किंचित वाकडा तारा फिरताना अखंड गुरुत्वीय लहरी सोडेल. अशी लहर अजून सापडलेली नाही; पण न सापडण्यातूनही स्पंदतारे म्हणवणाऱ्या काही न्यूट्रॉन ताऱ्यांचा वाकडेपणा दहा कोटींत एका भागाहून कमी आहे, हे २०२० साली कळलं. सुमारे दहा किलोमीटर त्रिज्येच्या ताऱ्यावर ही मर्यादा केसाच्या जाडीएवढी भरते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहिली की या शोधाला आणखी एक कान मिळेल.