शार्दूलला स्वतःच्या घरी ठेवणारे लाड सर : क्रिकेटचा कोच नेमकं करतो तरी काय?

दातिवरे (ता. पालघर) : ओहोटी लागली की दातिवरे, एडवण, केळवे, माहीमच्या वाळूत स्टंप रोवले जातात. टेनिस बॉलवर लांब सिक्स मारणारी पोरं इथं गावोगाव आहेत. त्यातली मोठ्या मैदानावर पोहोचतात किती? याच पट्ट्यातल्या माहीमचा शार्दूल ठाकूर पोहोचला. त्यामागे एका कोचचं मोठं काम आहे. त्यांचं नाव दिनेश लाड.

कोण आहेत लाड सर?

बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं शाळकरी मुलांना क्रिकेट शिकवलं. रोहित शर्मा आणि शार्दूल ठाकूर हे दोघंही त्यांचेच विद्यार्थी. २०२२ मध्ये त्यांना जीवनगौरव गटात द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

ऑफस्पिनर रोहित बॅट्समन कसा झाला?

१९९९ मध्ये लाड सरांनी रोहितला पाहिलं ते बॉलिंग करताना. तेव्हा तो ऑफस्पिन टाकायचा. सरांनी त्याला आपल्या शाळेत यायला सांगितलं, पण महिन्याची २७५ रुपये फी घरच्यांना झेपणारी नव्हती. सरांनी शाळेकडे शब्द टाकला आणि फी माफ झाली.

पुढे एकदा नेटबाहेर एक मुलगा नॉकिंग करताना सरांना दिसला. नॉकिंग म्हणजे समोरून हळू टाकलेले बॉल बॅटच्या मधोमध घेत खेळण्याचा सराव. बॅट सरळ येत होती. तो मुलगा रोहितच होता. तोवर खाली आठव्या नंबरवर येणाऱ्या रोहितला सरांनी वर खेळवलं, मग ओपनिंगला पाठवलं. त्याच रोहितने २०१४ मध्ये श्रीलंकेविरुद्ध वनडेत २६४ धावा केल्या. तो आजही वनडेतला विक्रम आहे.

शार्दूलची अडचण वेगळी

२००६ च्या सुमारास शार्दूल बोईसरच्या शाळेकडून लाड सरांच्या शाळेविरुद्ध खेळला. ७८ धावा केल्या, ५ विकेटही काढल्या. सरांनी त्याच्या वडिलांना विचारलं, मुलाला बोरिवलीला पाठवता का? घरच्यांपुढे प्रश्न होता तो दहावीचा आणि रोजच्या प्रवासाचा. विरार-डहाणू लोकल सुरू झाली २०१३ मध्ये. त्याआधी शटल आणि मेल-एक्स्प्रेसवरच भिस्त होती. क्रिकेटची किट घेऊन रोज दोन-अडीच तास जायचं आणि तेवढंच यायचं, मग पोरगा अभ्यास कधी करणार?

सरांनी घरी पत्नीशी बोलून शार्दूलला आपल्याच घरी ठेवून घेतलं. जवळपास वर्षभर तो तिथं राहिला. त्याच शाळेकडून हॅरिस शिल्डच्या सामन्यात त्याने एका ओव्हरमध्ये ६ सिक्स मारले. पुढे मुंबईकडून रणजी खेळला आणि २०१४-१५ च्या मोसमात ४८ विकेट काढल्या. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेन कसोटीत त्याने ६७ धावा आणि ७ विकेट अशी कामगिरी केली.

थोडक्यात, फटके शिकवणं हा कोचच्या कामाचा एक भाग झाला. मुलात काय आहे ते ओळखायचं आणि त्याचं पाऊल कुठं अडतंय ते पाहायचं, हे त्याहून मोठं काम. रमाकांत आचरेकर सरांनीही सचिन तेंडुलकरला शारदाश्रम शाळेत जायला सांगितलं होतं, कारण तिथं सामने जास्त खेळायला मिळणार होते.

आपल्या पालकांनी काय पाहावं?

- टेनिस बॉल हलका असतो आणि जास्त उसळतो, त्यामुळे आडव्या बॅटने मारायची सवय लागते. लेदर बॉल टप्पा पडून आत-बाहेर वळतो. तिथं बॅट सरळ आणि डोकं स्थिर लागतं. आवड दिसली की मुलाला लवकर लेदर बॉलवर खेळू द्या. हेल्मेट, पॅड, ग्लोव्हज मात्र हवेतच.
- चांगला कोच पहिल्याच दिवशी मुलाची खेळायची पद्धत मोडत नाही. आधी चार दिवस बघतो, मग एकेक गोष्ट सांगतो.
- नुसत्या नेटवर भागत नाही. मुलाला वर्षात किती सामने मिळतात, ते विचारा.
- सिलेक्शन करून देतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर तिथूनच परत फिरा.
- मुलगा-मुलगी बाहेर राहणार असेल, तर आधी ते घर, ती माणसं स्वतः बघून या. शाळा सुटणार नाही, हे पक्कं करून घ्या.

दातिवऱ्याच्या पोराला आजही आधी सफाळे स्टेशन गाठावं लागतं, मग लोकल. ट्रेन वाढल्या तरी अंतर तेवढंच आहे. लाड सरांसारखा माणूस प्रत्येकाला भेटेलच असं नाही. पण गावातल्या पोराची बॅट सरळ येतेय का, हे बघायला शाळेतले सर, गावातले जुने खेळाडू आणि आई-वडील तर इथंच आहेत.